विपर्यास झाला म्हणे

भाचा सहावीत आहे. परवा त्याची मराठीची वही चाळत होते, 'शब्दांचा वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न आणि खाली त्याच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लिहिलेलं, "विपर्यास : मीडियाने माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला." बाईंनी लाल पेनानं बरोबरची खूण केलेली, आणि बरोबरच आहे म्हणा, दुसरं काय लिहिणार बिचारा. मी विचारलं, काय रे, वक्तव्य म्हणजे काय ते तरी माहितीये का? तर म्हणे, आत्या, वक्तव्य म्हणजे जे बोलल्यावर माफी मागावी लागते ते.

आता खरं सांगा, विपर्यास हा शब्द तुम्ही घरात कधी वापरलाय? नवरा-बायकोच्या भांडणात "तू नेहमी भलताच अर्थ काढतेस" असतं, सासूबाई "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणतात, शालिमारला उतरवताना रिक्षावाला "मी सीटचं बोललो होतो, पूर्ण रिक्षाचं नाही" म्हणतो, पण विपर्यास कुणाचा होत नाही. तो व्हायला आधी गळ्यात हार लागतो, पुढं माईक आणि मागं मान हलवणारे चार-पाच कार्यकर्ते.

मला या शब्दाची जरा जास्तच ओळख आहे कारण मी सहा वर्षं नाशिकमधल्या एका लोकल केबल चॅनेलला रिपोर्टर होते. ते चॅनेल आता बंद पडलंय, नाव सांगत नाही. रिपोर्टर म्हणजे ऐकायला भारी वाटतं, काम काय तर कॅमेरामनच्या मागं डबलसीट बसून सीबीएसवरून सातपूर, सातपूरवरून आडगाव असं पळायचं, बूम, म्हणजे चॅनेलचा माईक, हातात धरून खांदा दुखेपर्यंत उभं राहायचं, आणि मंत्री आले की रेस्ट हाऊसच्या पायरीवर बसून साहेब कधी बाहेर येतात याची वाट बघायची. साहेब आले की बाईट घ्यायचा. बाईट म्हणजे काय तर वीस-पंचवीस सेकंदं. साहेब दहा मिनिटं बोललेले असतात, त्यातलं काय ठेवायचं ते डेस्कवर ठरतं, आणि खालच्या पट्टीत, म्हणजे टिकरमध्ये, तर सहा-सात शब्दच मावतात, त्यामुळे "पण", "तर", "असं काही लोक म्हणतात" हे शब्द सगळ्यात आधी मरतात. मराठीत हे शब्द वाक्याचा कणा असतात, आणि टिकर चालवणाऱ्या पोराला ते चरबी वाटतात. तो पोरगाही काय करणार, एकवीस-बावीस वर्षांचा, समोर तीन चॅनेलच्या स्क्रीन चालू आणि मागून कुणीतरी ओरडतंय की त्यांनी लावलं, आपलं कुठंय.

म्हणजे विपर्यास होतो. हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल बघा पत्रकार पत्रकाराचीच बाजू घेणार.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. ऑगस्ट २०२३, केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, लासलगावसकट जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, वातावरण तापलेलं, आणि तेव्हाचे आपले पालकमंत्री दादा भुसे बोलले की ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काय बिघडतं. झालं. दिवसभर देशभर तेवढंच. माझ्या नणंदेनं ठाण्याहून फोन करून विचारलं, तुमचा मंत्री असा कसा गं? आता पूर्ण ऐकलं तर ते म्हणत होते की दहा लाखांची गाडी वापरता तर कांदा दहा-वीस रुपये जास्त देऊन घ्या की, म्हणजे बोलत होते शेतकऱ्याच्या बाजूनं, टोमणा होता तो शहरातल्या गिऱ्हाइकाला. निफाड-येवल्याच्या माणसाला ते वाक्य पूर्ण ऐकवलं असतं तर त्यानं कदाचित टाळी दिली असती. अर्थात शब्द त्यांचेच होते, कुणी तोंडात घातले नाहीत, पण नुसतं "कांदा खाऊ नका" एवढंच दाखवलं की मंत्री गरिबाच्या ताटावर उठलाय असं दिसतं. कांद्याचं हे नेहमीचंच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये निर्मला सीतारामन लोकसभेत कांद्यावर बोलत होत्या, मध्येच कुणा खासदारानं तुम्ही कांदा खाता का असं विचारलं, त्यावर त्या मी फार कांदा-लसूण खात नाही म्हणाल्या. प्रश्न कापला, उत्तर फिरलं.

आणि कापणारे प्रत्येक वेळी पत्रकारच असतात असंही नाही. नितीन गडकरींची मार्च २०२४ ची गोष्ट आठवत असेल, एका लांबलचक मुलाखतीतला १९ सेकंदांचा तुकडा उचलून काँग्रेसच्या अकाउंटवरून टाकला गेला, त्यात गाव, गरीब, मजूर, शेतकरी दुःखी आहेत एवढंच ऐकू येतं, पुढचं मागचं नाही. गडकरींनी खर्गे आणि जयराम रमेश यांना सरळ वकिलाची नोटीस पाठवली. मुलाखत घेणाऱ्यांनी अख्खी मुलाखत टाकलेलीच होती, ज्याला बघायचं त्यानं बघावी. कात्री चालवली विरोधी पक्षाच्या सोशल मीडियावाल्यांनी. हल्ली बहुतेक वेळा असंच असतं, प्रत्येक पक्षाकडं अशी कात्री घेऊन बसलेली पोरं आहेत, आणि शिव्या खातो बूम धरणारा.

मग दुसरी बाजू.

माणिकराव कोकाटे आपल्या सिन्नरचे, कृषिमंत्री झाले तेव्हा नाशिकला कृषी खातं आलं म्हणून आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांना बरं वाटलं होतं. त्यांचं २०२५ साल आठवून बघा. फेब्रुवारीत म्हणाले हल्ली भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही पण आम्ही एक रुपयात पीक विमा दिला. एप्रिलमध्ये आपल्याच नाशिक तालुक्यात, माडसांगवीला, कर्जमाफीच्या पैशाचं तुम्ही काय करता, साखरपुडे करता, लग्नं करता अशा अर्थाचं शेतकऱ्यांनाच ऐकवलं, मग दोन-तीन दिवसांत दिलगिरी, गमतीत बोललो म्हणून. मे महिन्यात अवकाळीनं झोडपलं तेव्हा, ढेकळांचे पंचनामे करायचे का. आता यातलं ढेकळांचं वाक्य घ्या, नियम तसाच आहे हो, उभं पीक नसेल तर पंचनामा कशाचा करणार, तलाठीसुद्धा हेच सांगतो, पण तलाठी सांगताना खाली मान घालून सांगतो. तिथं कुणी काही कापलेलं नव्हतं. वाक्य पूर्ण होतं, मागचं-पुढचं होतं, आवाज होता, चेहरा होता. लोकांना लागलं ते त्या सुराचं लागलं. सुराचा विपर्यास कसा करणार, तो तर जसाच्या तसा ऐकू येतो.

पुढं जुलैत सभागृहातला मोबाईलवरच्या रमीचा व्हिडिओ आला, तो टाकला रोहित पवारांनी, म्हणजे इथंही सुरुवात कुठल्या चॅनेलनं केलेली नाही. खुलासा आला की मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात स्किप करत होतो. खरंखोटं त्यांना माहीत, मला स्वतःला मोबाईलवरच्या जाहिराती बंद करता येत नाहीत त्यामुळे मी त्यावर काही बोलत नाही. पण त्यानंतर इथं नाशिकलाच पत्रकार परिषद घेतली, विषय मिटवायला, आणि तिथं ते जुनं भिकाऱ्याचं वाक्य समजावून सांगायला गेले की शेतकरी भिकारी नाही, एक रुपया शेतकऱ्याकडून शासन घेतं, म्हणजे भिकारी शासन. स्वतःच्याच सरकारला! मुख्यमंत्र्यांनासुद्धा हे बोलणं योग्य नाही म्हणावं लागलं आणि महिनाअखेरीला कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. मी तेव्हा घरी पोळ्या लाटत टीव्ही ऐकत होते आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं, कारण सहा वर्षांत मी असले पंचवीस-तीस खुलासे तरी कव्हर केले असतील, त्यात एक गोष्ट पक्की शिकले, की खुलासा हा मूळ वाक्यापेक्षा नेहमी लांब असतो, आणि लांब असतो म्हणून जास्त धोक्याचा.

यावरून आमचा घंटागाडीचा किस्सा सांगते. एक स्थानिक नेते, साहेबच म्हणू. प्रभागाची बैठक होती, गोदावरीच्या घाणीवर विषय, आणि साहेब बोलून गेले की गोदामाई घाण करणारे काय बाहेरून येत नाहीत, रात्री पिशव्या टाकणारे तुम्हीच. आम्ही तेवढं लावलं. रात्री नऊला पीएचा फोन, "ताई, साहेबांच्या वक्तव्याचा विपर्यास झालाय. तोडून-मोडून दाखवता तुम्ही. हिंमत असेल तर पूर्ण व्हिडिओ लावा ना." आमचे संपादक तापट माणूस, म्हणाले लावू की, आपल्याला वेळच भरायचाय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांनंतर अकरा मिनिटांचं अख्खं भाषण जसंच्या तसं लावलं. आणि साहेब काय बोललेत हे ना साहेबांना आठवत होतं ना आम्हाला, कारण आम्ही पहिल्या तीन मिनिटांनंतर नाश्ता करायला गेलो होतो, कॅमेरा ट्रायपॉडवर चालू ठेवून. साधारण सातव्या मिनिटाला साहेब म्हणतायत की घंटागाडी दारात येऊन गाणं वाजवून थकते पण आमच्या भगिनी सिरियलसमोरून उठतील तर शपथ, यांना सासूनं काही वळणच लावलं नाही. दुपारी बचतगटाच्या पंधरा-वीस बायका साहेबांच्या संपर्क कार्यालयात गेल्या. हातात पिशव्या. ओला वेगळा, सुका वेगळा, अगदी नियमाप्रमाणे. दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि आल्या. संध्याकाळी परत पीएचा फोन, आवाज एकदम मऊ, "ताई, पूर्ण नको होता हो, ते आधीचं तेवढंच बरं होतं."

तेव्हापासून मी एक बघायला लागले. विपर्यास झाला म्हणणारा नेता पूर्ण रेकॉर्डिंग स्वतः टाकतो का? कारण ते त्याच्याकडं असतंच. प्रत्येकाच्या मागं एक पोरगा मोबाईल आडवा धरून फेसबुक लाइव्ह करत असतो, साहेब गाडीतून उतरल्यापासून ते नारळ फोडेपर्यंत सगळं. पुरावा खिशात असताना माणूस पत्रकार परिषद घेऊन मीडियाला शिव्या का देतो? ज्याच्याकडं खरंच मागचं-पुढचं वाक्य असतं तो ते दाखवतो किंवा गडकरींसारखी नोटीस तरी पाठवतो. ज्याच्याकडं नसतं तो "माझा हेतू तसा नव्हता"वर येतो. हेतूचं काही रेकॉर्डिंग नसतं ना.

यातली नेहमीची चाल अशी, पहिल्या दिवशी विपर्यास, दुसऱ्या दिवशी भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी ("असतील तर" महत्त्वाचं), तिसऱ्या दिवशी पक्ष म्हणणार हे त्यांचं वैयक्तिक मत. हे वैयक्तिक मत प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं, जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठानं चार विरुद्ध एक असं सांगितलं की मंत्र्याचं विधान आपोआप सरकारचं विधान धरता येणार नाही, न्यायमूर्ती नागरत्नांचं मत वेगळं पडलं. कायद्याचं ठीक आहे, पण लाल दिव्याच्या काळापासून गावातला माणूस मंत्री बोलला की सरकार बोललं असंच समजतो. कोश्यारी राज्यपाल होते तेव्हा, जुलै २०२२, अंधेरीच्या कार्यक्रमात बोलले की गुजराती-राजस्थानी काढले तर मुंबईत पैसाच उरणार नाही. आधी विपर्यास, मग दोन-तीन दिवसांत लेखी माफी. विपर्यासच झाला होता तर माफी कशाची, आणि माफीसारखं काही होतं तर विपर्यास कसा, हे मला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

याच्या उलटं एक उदाहरण मराठी माणूस विसरणार नाही. एप्रिल २०१३, राज्यात दुष्काळ, आझाद मैदानावर सोलापूरकडचा एक शेतकरी पाण्यासाठी उपोषणाला बसलेला, आणि इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजित पवार धरणाबद्दल जे बोलले ते इथं परत लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. ते वाक्य भयंकरच होतं. पण नंतर त्यांनी ती आपली राजकीय आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हटली, सभागृहात माफी मागितली, आणि कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश म्हणून बसले. लोकांनी त्यालाही नाटक म्हटलं, म्हणणारच. मला एवढंच आठवतं की त्या दिवसात आमच्या डेस्कवर कुणीच मीडियावरच्या आरोपाची बातमी लिहिली नाही, कारण लिहायला काही नव्हतं.

आता माझं सांगते, म्हणजे जे सांगायचं टाळत इतका वेळ इकडं तिकडं फिरतेय ते.

निफाडकडं गारपीट झाली होती. द्राक्षबागा झोपलेल्या, लोक बांधावर नुसते बसून. एक तालुका पातळीवरचे नेते, वयस्कर, धोतरातले, बागेत उभे राहून बोलले. त्यांचं वाक्य होतं, "आमचे विरोधक काय म्हणतात, शेतकऱ्याला रडायची सवयच लागलीय. अरे, ज्याची बाग झोपली तो रडणार नाही तर काय नाचणार?" रेंज नव्हती. फीड जाईना. पिंपळगावला येऊन टोलजवळ उभं राहून पाठवत होते, मोठी फाइल अडकायची, डेस्कवरून फोनवर फोन. शेवटी मी मोबाईलमध्येच तुकडा कापला आणि पाठवला. मी. डेस्कनं नाही, टिकरच्या पोरानं नाही. तुकडा कुठून सुरू झाला असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मला वाटलं मागचं सगळं मी फोनवर सांगितलंय, ते अँकर बोलेल. अँकर नव्हता बोलला. "शेतकऱ्याला रडायची सवयच लागलीय", सहाच्या बातम्यांपासून रात्री दहापर्यंत.

त्यांनी रात्री प्रसिद्धीपत्रक काढलं. माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला आहे. हाताने लिहिलेलं, फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकलेलं. आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. कारण हे वाक्य आम्ही आठवड्यातून दोनदा वाचायचो, ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच, त्यामुळे खरंच ज्याचा विपर्यास झाला त्याच्याकडं दुसरा शब्दच शिल्लक राहिला नव्हता. त्यांच्या पुतण्यानं पूर्ण व्हिडिओ फेसबुकवर टाकला, म्हणजे वर मी जी मोठी परीक्षा सांगितली त्यात ते पास झाले, आणि तो व्हिडिओ बघितला असेल तीनेकशे लोकांनी. आमचा तुकडा जिल्ह्यात घराघरांत गेला होता. दोन दिवसांनी आम्ही खुलासा लावला, दहा सेकंदांचा, दुपारी अडीच वाजता. संपादकांना मी सांगितलं होतं की चूक माझी आहे. ते म्हणाले, होतं असं, पुढच्या वेळी बघ. पंचायत समितीचं तिकीट त्यांना त्या वर्षी मिळालं नाही. ते त्यामुळेच मिळालं नाही असं मी म्हणत नाही, वय होतं, गट होते, पण जे विरोधात होते त्यांनी तो तुकडा वापरला हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, लोकांच्या मोबाईलवर, वर आमच्या चॅनेलचा लोगो.

मागच्या लग्नसराईत पिंपळगावला नवऱ्याच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं, तिथं ते दिसले. मी ओळख न दाखवता जेवणाच्या मंडपाकडं वळत होते तर त्यांनीच हाक मारली, "ताई, चॅनेलवाल्या ना तुम्ही?" म्हटलं, हो, होते, आता नाही, आता इंदिरानगरला क्लास घेते मुलांचे. "बरं केलंत," म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढला. जुना, काच तडकलेला. नातवाला हाक मारून म्हणाले ते आपलं काढून दे रे, आणि नातवाला "ते आपलं" म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. व्हिडिओ लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला, "इथून ऐका." शेजारीच बँड, वरात मंडपात शिरत होती, पोरं नाचत होती. मी मोबाईल कानाला लावला. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं बघत उभे होते, वाक्य कधी येतं ते त्यांना पाठ असणार कारण बरोबर त्या वेळी त्यांनी बोट वर केलं. मी मान हलवली. त्यांनी मोबाईल परत घेतला, उपरण्यानं काच पुसून खिशात टाकला आणि म्हणाले, "जेवून घ्या, पंगत उठतीय."